आधी धारवाडचा दगड, मग ड्रॉइंग शीट
युद्धाच्या इतिहासावर शाळेत कलाप्रकल्प करताना : हुबळी-धारवाडच्या शिक्षक-पालकांसाठी

ऑक्टोबर जवळ आला की हुबळी-धारवाडच्या शाळांत चित्रकलेच्या तासाला घोडे दौडू लागतात. २३ तारखेला कित्तूर उत्सव सुरू होतो आणि त्याआधीच्या पंधरवड्यात भित्तिपत्रके, स्पर्धा, प्रदर्शन असे सगळे एकदम अंगावर येते. मग वर्गातल्या बहुतेक शीटांवर तीच कित्तूरची राणी चन्नम्मा, तोच उधळलेला घोडा आणि तीच उगारलेली तलवार उमटते. यात मुलांचा दोष नसतो. स्टेशनरीच्या दुकानातला तक्ता किंवा मोबाइलवर सापडलेले पहिले चित्र समोर ठेवून सगळे काढतात, त्यामुळे सगळ्यांचे एकसारखे होते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रकल्पाची सुरुवात डोळ्यांनी पाहता येईल अशा एखाद्या जवळच्या वस्तूपासून करायची. तो वीरगळ म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड असेल, पडकी भिंत असेल, एखादे जुने पत्र असेल किंवा आजोबांनी सांगितलेली आठवण असेल. या बाबतीत हुबळी-धारवाडची मुले नशीबवान आहेत, कारण इथल्या मातीतून गेल्या हजार वर्षांत अनेक सैन्ये गेली आणि बरीचशी आपली खूण ठेवून गेली.

दगड वाचायला शिकवा

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी वीरगळासारखा दुसरा विषय नाही. धारवाड भागात गावोगावी देवळाच्या आवारात असे दगड उभे आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात १९३९ साली स्थापन झालेली कन्नड संशोधन संस्था आहे. तिच्या संग्रहालयातही जुनी शिल्पे आणि शिलालेख पाहता येतात. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई असते, किंवा गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी झालेली झटापट. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन जातात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात.

चित्रकथा वाचणाऱ्या मुलांना ही रचना लगेच समजते. अर्ध्या ड्रॉइंग शीटच्या आडव्या तीन पट्ट्या पाडाव्यात आणि आपल्या गावातली एखादी ऐकलेली घटना खालून वर सांगायला लावावी. वीर माणूसच हवा असे नाही. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर इथे इ.स. ९४९-५० चा एक प्रसिद्ध लेख सापडला. राष्ट्रकूट आणि चोळ यांच्यातल्या तक्कोलमच्या लढाईचा उल्लेख त्यात आहे, आणि त्याच दगडावर रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ या कुत्र्याचे शिल्प कोरले आहे. हा दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. कुत्र्यासाठी दगड कोरला होता हे ऐकल्यावर गप्प बसणारी मुलेसुद्धा पेन्सिल उचलतात. मुंबईच्या बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. तिचे छायाचित्र दाखवले तर होड्या, वल्ही आणि लाटा दगडात कशा बसवल्या आहेत यावर अर्धा तास बोलता येते.

मराठी घरातल्या मुलांना धारवाड तालुक्यातले यादवाड अवश्य दाखवावे. इथल्या मारुती मंदिरापाशी शिवाजी महाराजांचे म्हणून ओळखले जाणारे एक शिल्प आहे. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेची बेलवडीच्या राणी मल्लम्मेशी लढाई झाली. पुढे समेट झाला आणि मल्लम्मेने हे शिल्प करवून घेतले, अशी परंपरा आहे. वरच्या भागात घोड्यावर बसलेले महाराज दिसतात. खालच्या भागात त्यांच्या मांडीवर एक मूल आहे आणि ते त्याला दूध पाजत आहेत. लढाईची आठवण कोरताना शिल्पकाराने निम्मा दगड एका मुलाला दिला आहे. वर्गात विचारण्यासारखा प्रश्न इथूनच निघतो: प्रत्येकाने आपल्या चित्राचा निम्मा भाग लढाईनंतरच्या प्रसंगाला दिला तर त्यात काय येईल?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. दगडावर कागद ठेवून खडू घासणे, ओला कपडा फिरवणे, अक्षरे उठून दिसावीत म्हणून पीठ किंवा खडूची पूड भरणे, यांपैकी काहीही करू देऊ नये. घासून ठसा घेण्याची मजा हवीच असेल तर ती नाणी, पिंपळाची पाने आणि जात्याच्या पाळीवर घ्यावी. वीरगळापुढे मुलांनी फक्त स्केचबुक उघडावे.

कित्तूरला जावे, पण यादी घेऊन

धारवाडहून बेळगावच्या रस्त्याला सुमारे ३० किलोमीटरवर कित्तूर आहे. शाळेची सहल बहुधा एकदा किल्ल्याभोवती फिरते, गटाचा फोटो होतो आणि बस परत निघते. कलाप्रकल्पासाठी जायचे तर उत्सवाची गर्दी सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी जावे आणि प्रत्येक गटाला एकच काम द्यावे. एक गट पडक्या वाड्याच्या भिंतींचे थर काढेल: वीट, चुना, दगड. दुसरा गट वाड्यातल्या पाण्याच्या आणि स्नानगृहाच्या व्यवस्थेचा आराखडा मांडेल. तिसरा गट ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेल्या त्या प्रसिद्ध झरोक्याचे रेखाटन करेल. चौथा गट किल्ल्यातल्या संग्रहालयात एक वस्तू निवडून तिच्यापुढे वीस मिनिटे बसेल.

आता मूळ प्रसंगाकडे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन ठॅकरे कित्तूरच्या दारात मारला गेला. त्याला अमटूर बाळप्पाने टिपले असे सांगतात. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परतले आणि कित्तूर पडले. चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत राहिली आणि १८२९ मध्ये तिथेच वारली. तिच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली गेली. तक्त्यावरच्या चित्रात यांतला फक्त पहिला दिवस असतो. बैलहोंगलची कैद, तिथली चार वर्षे, खिडकी, पहारा, बाहेरून येणाऱ्या बातम्या यांचे चित्र सहसा कोणी काढत नाही. आठवी-नववीच्या मुलांना हा विषय द्यावा. त्यात घोडा नसल्यामुळे चेहरा, हात आणि उजेड काढावे लागतात, आणि चित्रकलेचा खरा सराव तिथेच होतो.

या कथेत आणखी एक पात्र आहे. ठॅकरेबरोबर वॉल्टर इलियट नावाचा एकवीस वर्षांचा अधिकारी होता. तो कित्तूरकरांच्या हाती लागला, काही आठवडे ओलीस राहिला आणि सुखरूप सुटला. पुढे याच इलियटने धारवाड भागातल्या शेकडो शिलालेखांच्या नकला करून घेतल्या आणि दक्षिणेच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून नाव मिळवले. दोन चौकटींचे चित्र सुचवण्यासाठी हा उत्तम मजकूर आहे: पहिल्या चौकटीत ओलीस ठेवलेला तरुण, दुसरीत त्याच मुलखातल्या शिलालेखापुढे वाकलेला माणूस.

धारवाडचा वेढा : मातीचा किल्ला

दिवाळीत किल्ला करायची सवय बेळगाव-कोल्हापूरकडच्या मराठी घरांतून धारवाडातही आलेली आहे. बारदान, दगड, लाल माती, वर पेरलेली नाचणी किंवा मोहरी आणि बाजारातले मावळे हे सामान सगळ्यांच्या ओळखीचे. हा किल्ला दरवर्षी रायगड किंवा प्रतापगडच असावा असे कुठे आहे? एखाद्या वर्षी तो धारवाडचा करावा.

१७९० च्या पावसाळ्यानंतर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेने आणि कॅप्टन लिटलच्या हाताखालच्या मुंबईच्या इंग्रज पलटणीने मिळून टिपूच्या ताब्यातल्या धारवाड किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार बद्रुज्जमान खान होता. किल्ला हाती यायला १७९१ चा एप्रिल उजाडला. लिटलच्या पलटणीतल्या एडवर्ड मूर या लेफ्टनंटने या मोहिमेचे पुस्तक लिहिले, ते १७९४ मध्ये लंडनला छापले गेले. मराठी बाजूची पत्रे पटवर्धन दप्तरात होती आणि मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून पटवर्धनांचे कागद प्रसिद्ध केले.

मूरने मराठी तोफखान्याचे केलेले वर्णन मुलांना हमखास हसवते. तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून अर्धा तास गप्पा मारत धूम्रपान करायचे, मग बार काढायचा, आणि समोर बरीच धूळ उडाली की समाधान मानायचे. दुपारी जेवणाखाणासाठी दोन्ही बाजूंचा मारा थांबे, असेही तो सांगतो. चित्रासाठी हे दृश्य सोन्यासारखे आहे: तोफ, हुक्का, पागोटी, धुळीचा लोट. पण इथेच शिक्षकाने थांबून विचारावे, की हे लिहिणारा कोण होता, त्याला आपल्या मित्रसैन्याबद्दल काय वाटत होते, आणि हेच दृश्य परशुरामभाऊंच्या कारकुनाने लिहिले असते तर कसे लिहिले असते? वर्गाचे दोन भाग करावेत. एकाने मूरच्या नजरेतून चित्र काढावे, दुसऱ्याने तोफेपाशी बसलेल्या गोलंदाजाच्या नजरेतून. दोन्ही चित्रे शेजारी लावली की वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

प्रतिकृती करताना एक सूत्र उपयोगी पडते. किल्ला जेवढ्या जागेत कराल, निदान तेवढीच जागा बाहेरच्या छावणीला द्या. महिनोनमहिने चाललेल्या वेढ्यात बाहेर बाजार भरतो, बैल चरतात, चुली पेटतात, आजारी माणसे झोपलेली असतात. लहान गटातली मुले बेंदराच्या किंवा मण्णेत्तिन अमावास्येच्या वेळी मातीचे बैल करतातच. तेच बैल छावणीत मांडता येतात.

मराठी मुलांसाठी एक अवघड पण मोलाचा विषय याला जोडून येतो. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळीची पेठ लुटली. इंग्रजांची वखारही त्यात सापडली आणि तिच्या नुकसानभरपाईचा मुद्दा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळच्या वाटाघाटींपर्यंत चालत आला. हुबळीत राहणाऱ्या मराठी मुलाने हा प्रसंग कोणत्या बाजूने काढायचा? कापडाचे गठ्ठे, बंद होणारी दारे, पळणारा हमाल यांपासून सुरुवात केली की अभिमान आणि लाज या दोन्हींच्या मधली जागा मुलांना सापडते. नववीच्या खाली मात्र हा विषय देऊ नये.

सामान काय घ्यावे

थर्माकोल पहिल्यांदा बाजूला ठेवावा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि मातीच्या तटबंदीला येणारा खडबडीतपणा त्याला येतही नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याचे खोके, कागदाचा लगदा, चिकणमाती, नारळाच्या शेंड्या आणि बारदान वापरावे. लगद्यासाठी वर्तमानपत्र रात्रभर भिजवून, पिळून, त्यात थोडी मेथीची पूड आणि खळ मिसळली की तो घट्ट बसतो आणि त्याला कीडही कमी लागते. धारवाडची लाल माती चाळून पाण्यात कालवली आणि थोडा डिंक घातला तर तटाला लावायला सुंदर रंग तयार होतो. कटर फक्त मोठ्या माणसाच्या हाती असावा.

कशिद्याची आवड असलेल्या मुला-मुलींसाठी कसुती हे या भागाचे खास माध्यम आहे. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. धागा मोजून काढायची ही कला असल्यामुळे नमुना आधी ग्राफ पेपरवर बसवता येतो. अंबारीचा हत्ती, रथ, पालखी, गोपुर हे तिचे जुने नमुने आहेत. त्याच चौकोनी भाषेत किल्ल्याचा बुरूज किंवा वेढ्याची छावणी काढणे हे सातवी-आठवीच्या मुलांना नीट जमते. मॅटी कापडाचा वीतभर तुकडा पुरेसा होतो. ज्यांच्या घरी आजी कसुती काढते त्यांनी तिला शाळेत एक दिवस बोलवावे.

तलवार नसलेले युद्ध

युद्ध म्हणजे लढाई एवढेच असते तर १९४३ च्या बंगालमधली चित्रे निघाली नसती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भुकेने मेली. झैनुल आबेदिन यांनी स्वस्त कागदावर काळ्या शाईने ती माणसे काढली. चित्तप्रसाद यांनी पायी फिरून केलेल्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. महागडे रंग नसलेल्या शाळेला हा धडा फार सोयीचा आहे: खाकी कागद, काळी शाई आणि एक जाड ब्रश. विषय मुलांच्या परिसरातून घ्यावा, उदाहरणार्थ रेशनच्या दुकानापुढची रांग.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये हुबळीतही गोळीबार झाला आणि नारायण महादेव डोणी हा शाळकरी मुलगा त्यात मारला गेला. आपल्याच वयाचा, आपल्याच शहरातला मुलगा हा विषय वर्गाला जवळचा वाटतो. त्याच्यावर प्रकल्प करताना गोळी लागण्याचा क्षण टाळावा. त्या दिवशीचे दप्तर, रस्ता, घर यांवर भर द्यावा.

घरातल्या आठवणीही कामाला येतात. १९६५ किंवा १९७१ च्या युद्धाच्या वेळी मुंबई-पुण्यात राहिलेल्या नातेवाइकांना ब्लॅकआउट आठवत असेल: काचांना चिकटवलेला काळा कागद, अर्धे काळे रंगवलेले गाड्यांचे दिवे, भोंगा वाजला की विझणारे घर. मुलाने प्रश्न लिहून नेऊन आजी-आजोबांशी बोलावे आणि त्या खोलीचे चित्र काढावे. काळ्या कार्डशीटवर पांढरा खडू वापरला तर परिणाम चांगला येतो.

शाळेला सगळ्या मुलांनी मिळून काही मोठे करायचे असेल तर पिकासोच्या ‘गेर्निका’चा आकार समोर ठेवावा. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि त्याच वर्षी पिकासोने सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब चित्र काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत काढले. याच आकाराची चित्रे मुलांकडून करून घेण्याची ‘किड्स गेर्निका’ ही चळवळ १९९५ मध्ये सुरू झाली आणि अनेक देशांत पोहोचली. आपल्याकडची २२ × ३० इंची पूर्ण शीट घेऊन एका ओळीत दहा अशा सहा ओळी लावल्या तर साठ शीटांत जवळपास तोच आकार होतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एक शीट येते. आधी एका छोट्या कागदावर संपूर्ण आराखडा करून त्यावर साठ चौकोन पाडावेत, शीटांच्या पाठीवर क्रमांक घालावेत आणि शेजारच्या शीटला मिळणाऱ्या कडा पेन्सिलने जुळवून घ्याव्यात. रंग तीनच ठेवले की साठ हातांचे काम एकत्र दिसते.

जपून कुठे राहावे

अलीकडच्या घटनांना हात घालताना घरच्यांचे दुःख लक्षात घ्यावे. कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमाखाली सहा दिवस राहून जिवंत सापडले आणि ११ तारखेला दिल्लीत वारले. हा प्रसंग इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यावर प्रकल्प करायचा तर हिमस्खलनाचा देखावा आणि कापसाचा बर्फ नको. वर्गात सैनिकांची मुले असतील तर विषय ठरवण्याआधी त्यांच्या पालकांशी बोलून घ्यावे. सैन्याचा गणवेश, पदके, तुकड्यांची चिन्हे यांसाठी बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र जवळ आहे; तिथले संग्रहालय पाहायचे असल्यास शाळेने आधी पत्राने परवानगी मागावी.

शत्रू दाखवताना एखाद्या धर्माचा किंवा जातीचा पेहराव त्याच्या अंगावर सरसकट चढवू देऊ नये. धारवाडच्या वेढ्यात मराठे आणि इंग्रज एका बाजूला होते, हे एक उदाहरणच त्यासाठी पुरेसे आहे.

राष्ट्रध्वज चित्रात येणारच. हुबळीच्या बेंगेरीतला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आणि धारवाड तालुक्यातले गरग ही खादीच्या ध्वजासाठी ओळखली जाणारी ठिकाणे हाताशी असताना प्रमाणे चुकू नयेत: लांबी-रुंदी ३:२, चक्राला २४ आरे, रंग निळा. ध्वजावर अक्षरे लिहू नयेत, टेबलावर आच्छादन म्हणून तो पसरू नये, प्रदर्शन संपल्यावर कागदी ध्वज कचऱ्यात टाकू नयेत.

मांडणी आणि गुण

प्रत्येक कामाखाली पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी असावी. तिच्यावर मुलाचे नाव, प्रसंग आणि वर्ष, आणि ‘हे मी कुठे पाहिले किंवा कोणाकडून ऐकले’ ही एक ओळ. चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहावी. शेजारच्या वर्गातली मुले आणि त्यांचे पालक प्रदर्शनाला येतात तेव्हा त्याचा उपयोग कळतो. परंपरेने सांगितलेली गोष्ट असेल तर ‘असे सांगतात’ हे शब्द लिहायची सवय लावावी.

गुण देताना सफाईला निम्म्याहून कमी वजन ठेवावे. स्केचबुकातली कच्ची रेखाटने, विचारलेले प्रश्न आणि शेवटच्या चित्रात झालेले बदल यांना उरलेले गुण द्यावेत. त्यामुळे घरी मोठ्यांनी करून दिलेला चकचकीत प्रकल्प आपोआप मागे पडतो.

कित्तूर उत्सवासाठी काम हवे असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विषय ठरवावा, सप्टेंबरात भेटी आणि रेखाटने संपवावीत, आणि ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे रंगकामाला ठेवावेत. दसऱ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, म्हणून मातीची कामे त्याआधी वाळायला ठेवावीत आणि सावलीत ठेवावीत. उन्हात ती तडकतात.